निकाल शाळेच्या दारात येतो तेव्हा

धर्म आणि शाळा यांविषयी न्यायालयाचा एखादा निकाल लागला, की पहिला फोन मुख्याध्यापकांना येतो. संध्याकाळपर्यंत पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर निकालाचे हवे तसे अर्थ फिरू लागतात आणि दुसऱ्या दिवशी परिपाठाच्या वेळी फाटकापाशी प्रश्न उभा असतो, ‘मग आता शाळेत प्रार्थना बंद का?’ तोवर ना निकालाची प्रत हाती आलेली असते, ना विभागाचे परिपत्रक. बोलावे तर पंचाईत, गप्प बसावे तर संशय. हा प्रसंग नवा नाही, आणि तो फक्त आपल्याकडचाही नाही. त्याचा सर्वांत मोठा धडा साठ वर्षांपूर्वीच्या अमेरिकेत सापडतो.

न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षण मंडळाने सरकारी शाळांसाठी बावीस शब्दांची एक प्रार्थना तयार केली होती. तिच्यात कोणत्याही पंथाचे नाव नव्हते. ज्याला म्हणायची नसेल त्याने गप्प राहावे किंवा वर्गाबाहेर जावे, अशी सवलतही होती. तरीही लाँग आयलंडवरील न्यू हाइड पार्कमधले पाच पालक न्यायालयात गेले. २५ जून १९६२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध एक अशा बहुमताने त्यांच्या बाजूने निकाल दिला. न्या. ह्यूगो ब्लॅक यांच्या निकालाचे सार एवढेच होते, की लोकांसाठी प्रार्थना रचणे आणि ती शाळांतून म्हणवून घेणे हे सरकारचे काम नव्हे. मुलाने मनातल्या मनात देवाचे नाव घेण्याला त्यात कुठेही मनाई नव्हती.

पण लोकांपर्यंत पोचले ते वेगळेच. देवाला शाळेतून हाकलले, अशी हाकाटी झाली. न्यूयॉर्कचे कार्डिनल स्पेलमन यांनी धक्का बसल्याचे सांगितले, धर्मप्रचारक बिली ग्रॅहम यांनी टीका केली. अलाबामाच्या एका लोकप्रतिनिधीने तर कृष्णवर्णीय मुलांना शाळेत घेतल्याचा राग याच निकालात मिसळला. न्यायालयाकडे पत्रांचा पाऊस पडला. दावा लावणाऱ्या कुटुंबांना धमक्यांचे फोन आले, एका घरासमोर क्रूस जाळण्यात आला. स्वतः कॅथलिक असलेले अध्यक्ष केनेडी दोनच दिवसांनी पत्रकार परिषदेत शांतपणे म्हणाले, की यावर सोपा उपाय आहे : आपण घरी आणि चर्चमध्ये अधिक प्रार्थना करू. त्या गदारोळात ते फार थोड्यांनी ऐकले. पुढे राज्यघटना दुरुस्तीचे प्रयत्न सुरू झाले. १९६६ मध्ये सिनेटमध्ये अशा दुरुस्तीच्या बाजूने ४९ आणि विरोधात ३७ मते पडली. दोन तृतीयांश मते न मिळाल्याने ती बारगळली.

या संतापाला अडाणीपणा म्हणून झटकून टाकणे मला मान्य नाही. सकाळी सगळ्या मुलांनी एकत्र उभे राहून एक क्षण नम्र व्हावे, यात अनेक आईवडिलांना खरोखरच आधार वाटत होता. तो क्षण गेल्याचे दुःख खोटे नव्हते. चूक झाली ती त्यांना निकाल समजावून सांगण्यात. तो सत्राच्या शेवटच्या दिवशी इतर निकालांच्या गर्दीत आला, बातम्या घाईने गेल्या, आणि शाळांना सांगण्यासारखे काही हाती पडण्याआधीच मते पक्की होऊन बसली.

पुढच्याच वर्षी, १७ जून १९६३ रोजी, पेनसिल्व्हेनियाच्या ॲबिंग्टन शाळेविषयीचा निकाल आला. तिथे रोज सकाळी बायबलमधील दहा वचने वाचायचा कायदाच होता. १९५६ मध्ये एलरी शेम्प हा तिथला विद्यार्थी त्या वेळी कुराण उघडून मुकाट्याने वाचत बसला आणि प्रार्थनेला उभा राहिला नाही. त्याची रवानगी मुख्याध्यापकांकडे झाली. खटल्यात आठ विरुद्ध एक अशा बहुमताने हे सक्तीचे वाचन रद्द झाले. पण या वेळी न्या. टॉम क्लार्क यांनी निकालातच स्पष्ट लिहिले, की बायबलचा साहित्य म्हणून, इतिहास म्हणून अभ्यास करायला शाळा मोकळ्या आहेत. अनेक चर्चसंस्थांनीही आपल्या लोकांची आधीच तयारी करून घेतली होती. विरोध झालाच, पण आदल्या वर्षीचा भडका उडाला नाही. काय थांबले याच्या जोडीला काय चालू राहणार आहे हेही सांगितले, की लोक ऐकून घेतात.

आपल्या व्यवसायाला बोचेल अशी बाब याच्याही पुढची आहे. केनेथ डॉल्बेअर आणि फिलिप हॅमंड या अभ्यासकांनी मध्य-पश्चिमेकडील काही गावांत पाहणी करून १९७१ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. तिथल्या शाळांत प्रार्थना पूर्ववत चालूच होत्या. अधिकाऱ्यांना ते ठाऊक होते, पण गावात वाद नको म्हणून कोणी विषयच काढत नव्हते. मला हे उघड विरोधापेक्षा वाईट वाटते. विरोधाला उत्तर देता येते. इथे मात्र ज्या मुलाच्या हक्कासाठी निकाल लागला, त्याच्यापर्यंत तो पोचलाच नाही.

आपल्याकडे केरळमध्ये काय घडले ते पाहा. यहोवाचे साक्षीदार या पंथातील तीन भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण श्रद्धेमुळे ते गात नसत. त्यांच्या मोठ्या बहिणीही त्याच शाळेत असेच करत आल्या होत्या, कोणाला काही खटकले नव्हते. १९८५ च्या जुलैमध्ये एका आमदाराच्या ते नजरेस आले, विधानसभेत प्रश्न गेला, चौकशी झाली. मुलांकडून राष्ट्रगीताचा कोणताही अनादर झालेला नाही, असा अहवाल आला. तरीही वरून सूचना आली आणि मुख्याध्यापिकेने मुलांना शाळेतून काढले. वडिलांनी विनंती केली, तेव्हा तिने असमर्थता सांगितली. ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुलांना परत घेण्याचा आदेश दिला. हे निकालपत्र वाचताना माझे लक्ष त्या मुख्याध्यापिकेवरच खिळते. मुले रोज तिच्यासमोर उभी राहत होती, त्यांची वागणूक तिला माहीत होती, आणि निर्णय मात्र दुसऱ्याच कोणाचा होता.

राज्यघटनेच्या २८ व्या अनुच्छेदानुसार मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत कोणालाही संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात वा उपासनेत सहभागी व्हायला लावता येत नाही. मूल अज्ञान असेल तर ही संमती पालकांची. मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये नाशिकच्या एका शिक्षकाच्या प्रकरणात शिक्षकांनाही प्रार्थनेला हात जोडण्याची सक्ती करता येणार नाही, असे म्हटले. आपल्यापैकी कितीजणांच्या शिक्षक-सभेत हा निकाल वाचला गेला?

परिपाठात हात खाली सोडून उभे राहिलेले मूल वर्गशिक्षकाला सर्वांत आधी दिसते. त्या क्षणी त्याला सर्वांदेखत टोकायचे नाही, आणि मधल्या सुट्टीत बाकीची मुले त्याला चिडवणार नाहीत याकडे लक्ष ठेवायचे, हे शाळेत आधीच ठरलेले असावे. पालकांशी बोलायचे ते मुख्याध्यापकांनी, खोलीत बसून. नवा निकाल आला की गटावरचा मजकूर पुढे न पाठवता न्यायालयाच्या संकेतस्थळावरून मूळ निकालपत्र काढावे आणि त्यातला आदेशाचा भाग मराठीत लिहून सूचनाफलकावर लावावा. काय बदलले आणि काय बदलले नाही, दोन्ही. शंका असेल तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी मागणी करावी, तोंडी सूचनेवर कोणत्याही मुलाला घरी पाठवू नये. जूनमधल्या पहिल्या पालकसभेच्या विषयपत्रिकेत परिपाठ हा विषय घ्यावा, म्हणजे आपल्या शाळेत काय म्हटले जाते आणि ज्याला म्हणायचे नाही त्याच्यासाठी काय सोय आहे, हे निकाल येण्याआधीच सर्वांना माहीत असेल.