फाटक्या शिडांचा वास्तववाद

जहाजांच्या प्रतिकृती करणाऱ्या हौशी कारागिरांच्या बोलण्यात 'वास्तव' हा शब्द जितक्या वेळा येतो, तितका तो समीक्षेच्या चर्चासत्रांतही येत नसेल. त्यातही शिडांविषयी त्यांचा विशेष आग्रह असतो. शीड मळलेले, विटलेले, फाटलेले हवे. कोरे शीड त्यांना खोटे वाटते. हा आग्रह आम्हांस मान्य आहे. तो ज्या रीतीने पाळला जातो ती रीत मात्र मान्य नाही, आणि आमची हरकत केवळ हस्तकौशल्यापुरती नाही.

रूढ कृती अशी की, कापडाचे शीड शिवावे, चहाच्या पाण्यात बुडवावे, वाळवावे, कडा कातरून विसकटाव्यात आणि दोन-चार भोके पाडावीत. आम्हीही एकदा हेच केले होते व त्या तपकिरी शिडाकडे काही दिवस कौतुकाने पाहत होतो. पुढे ध्यानात आले की हा रंग शिडाचा नव्हेच. तो जुन्या कागदाचा आहे. अठराव्या शतकातील युरोपीय जहाजांची शिडे प्रामुख्याने जवसाच्या तंतूंपासून विणलेल्या जाड कॅनव्हासची असत. हे कापड मुळातच मातकट असते आणि ऊन खाऊन उलट फिकट होत जाते. ओलेच गुंडाळून ठेवले तर त्यावर बुरशीचे काळपट ठिपके उठतात. जिथे दोर घासतो तिथे ते झिजते, आणि डांबर लावलेल्या दोराशेजारी डागाळते. म्हणजे वय शिडाच्या सर्वांगावर सारखे चढत नाही. जीर्ण म्हणजे पिवळे, हे समीकरण आम्ही समुद्रावरून नव्हे, ग्रंथालयातून आणले होते.

फाटण्यालाही व्याकरण असते. शीड हे एकसंध कापड नसे; साधारण दोन फूट रुंदीचे पट्टे उभे जोडून ते शिवत आणि कडेने जाड दोर टाचत. वादळात मधले कापड फाटून जाते. दुहेरी शिवण आणि कडेचा दोर बहुधा टिकतो, आणि त्या दोराला चिंध्या लोंबत राहतात. कात्रीने कडा विसकटणारा कारागीर नेमकी सर्वांत मजबूत जागाच आधी फाडतो! त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, युद्धनौकेवर शिडे शिवणारा स्वतंत्र कारागीर असे, सुटी शिडे बरोबर असत, आणि फाटलेले शीड उतरवून त्याला ठिगळ लावले जाई. सगळीच शिडे चिंध्या झालेली आणि तरीही जहाज डौलात चाललेले, हे दृश्य भुताच्या जहाजाचे. 2003 सालच्या 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन' या चित्रपटातील शापित जहाजाला ते शोभते. साध्या व्यापारी जहाजाच्या प्रतिकृतीवर तेच केले की त्या जहाजावरची माणसे नाहीशी होतात. दारिद्र्य दाखवायचे म्हणून प्रत्येक पात्राला फाटका सदरा चढवणाऱ्या कथा आपण वाचल्या आहेत. तो सदरा रात्री कुणीतरी दिव्याशी बसून शिवला असेल, हे त्या लेखकाला सुचत नाही. आमच्या मते जीर्णतेचे खरे चिन्ह भोक नसून ठिगळ आहे.

आणखी एक अडचण मापाची. 1:96 या प्रमाणात दोन फुटांचा पट्टा पाव इंचाचा होतो. त्याच प्रमाणात 0.2 मिलिमीटरचा धागा म्हणजे मूळ जहाजावरचा जवळजवळ दोन सेंटिमीटर जाडीचा दोर. त्यामुळे खऱ्या कापडाची विसकटलेली कड प्रतिकृतीवर दोरखंडांच्या झुपक्यासारखी दिसते. म्हणून कित्येक जाणते कारागीर कापड सोडून पातळ टिश्यू कागदाकडे वळतात. अस्सल सामग्री खोटी ठरते आणि कागद कॅनव्हास म्हणून पटतो. वास्तववाद शिकवणाऱ्यांनी यावर एखादा तास अवश्य खर्च करावा.

पण मग खरे फाटके शीड पाहून त्याचीच नक्कल का करू नये? असे एक शीड उपलब्ध आहे. 21 ऑक्टोबर 1805 रोजी ट्रफाल्गरच्या लढाईत 'व्हिक्टरी' या नेल्सनच्या जहाजावर असलेले, तळाशी सुमारे 80 फूट रुंद असे पुढच्या डोलकाठीचे शीड इंग्लंडमध्ये पोर्ट्समथ येथे जतन केलेले आहे. त्याला सुमारे 90 भोके आहेत. मात्र ती सारीच लढाईतील नव्हेत. पुढच्या काळात आठवण म्हणून लोकांनी त्याचे तुकडे कापून नेले. विसाव्या शतकात तर ते बराच काळ विस्मृतीत पडून होते. तेव्हा त्याची हुबेहूब नक्कल करणारा लढाईबरोबर कात्री घेऊन आलेल्या भाविकांचीही नक्कल करतो, आणि त्या जहाजाला जे कधीच दिसले नाही असे शीड त्याच्या डोलकाठीवर चढवतो.

लढाईच्या सकाळचे शीड, संध्याकाळचे शीड आणि संग्रहालयातले शीड ही तीन वेगळी शिडे आहेत. आम्ही सध्या सकाळचे करायला घेतले आहे. कागदाचे, फिकट, खालच्या कोपऱ्याजवळ एक ठिगळ असलेले. ते ठिगळ अजून नीट बसलेले नाही.