तिसऱ्या तारेचे काम

भिंतीतून हिरवी तार ओढताना वायरमन ‘ही अर्थिंगची’ एवढेच सांगतो. बहुतेकांची समजूत अशी की जादा वीज या तारेतून जमिनीत उतरते आणि जमीन ती गिळून टाकते. ही समजूत चुकीची आहे आणि जिवावर बेतणारी आहे.

वीजप्रवाह जिथून निघतो तिथे परतण्याची वाट मिळाली तरच वाहतो. जमीन ही अशीच एक वाट. ‘अर्थ’ हा शब्द विजेच्या परिभाषेत आला तोही याच अर्थाने, तारायंत्राच्या काळात. म्युनिकच्या कार्ल ऑगस्ट फॉन श्टाइनहाइल यांनी १८३८ मध्ये दाखवून दिले की संदेश पाठवायला दोन तारांची गरज नाही. एक तार खांबांवरून न्यायची, दोन्ही टोकांना धातूचे पत्रे पुरायचे. परतीचा प्रवाह मातीतून येतो. निम्मी तार वाचली आणि लांब पल्ल्याच्या तारमार्गांना ही पद्धत फार सोयीची ठरली. अमेरिकेत तिला ‘ग्राउंड’ म्हणू लागले. आपल्याकडे इंग्रजांचा ‘अर्थ’ रुळला.

आज घरातल्या अर्थिंगचे काम नेमके उलटे आहे. एरवी तिच्यातून प्रवाह वाहताच कामा नये. परतीची वाट न्यूट्रलची. त्या न्यूट्रलला डीपीजवळ, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपाशी, जमिनीशी जोडलेले असते. गीझरच्या आत फेज सुटून पत्र्याला चिकटला, तर प्रवाह हिरव्या तारेने निघून डीपीकडे परतावा आणि तो इतका मोठा असावा की फ्यूज उडावा किंवा एमसीबी पडावा, ही त्यामागची योजना.

ती दर वेळी सफल होत नाही, आणि खरी अडचण इथेच आहे. नुसत्या अर्थिंगच्या खड्ड्यावर भिस्त असेल आणि त्या वाटेचा एकूण रोध २० ओहम असेल, तर २३० व्होल्टला जेमतेम साडेअकरा अँपिअर प्रवाह वाहतो. गीझरचा १६ अँपिअरचा एमसीबी त्याने पडत नाही. नळाला हात लावणाऱ्याला मात्र शॉक बसू शकतो. मीठ-कोळसा घातलेला खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडला की रोध आणखी वाढतो. म्हणून ‘आमच्याकडे अर्थिंग आहे’ एवढ्यावर निर्धास्त राहणे आम्हाला मान्य नाही. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडताच वीज तोडणारा आरसीसीबी तिच्या जोडीला हवाच.

न्यूट्रल तुटला की सळई ठोकून ‘अर्थिंगवर’ दिवा लावण्याचा प्रकार गावोगाव चालतो. तो म्हणजे श्टाइनहाइल यांचीच युक्ती, पण चुकीच्या जागी. तारायंत्राचा प्रवाह क्षीण असे. इथे सळईभोवतीची जमीनच भारित होते आणि ओल्या मातीत अनवाणी उभा असलेला माणूस किंवा जनावर त्यात सापडते.

तीन पिनांच्या प्लगची जाड, लांब पिन कापू नका. सर्वांत आधी तिचीच जोडणी व्हावी म्हणून ती लांब असते. पावसाळ्यापूर्वी वायरमनकडून अर्थिंगचा रोध मोजून घ्या आणि आरसीसीबीवरचे चाचणीचे बटण अधूनमधून दाबून तो पडतो का, ते पाहा. पडला नाही, तर त्याच दिवशी बदला.