अशक्तपणा रक्तातला की मनातला?

बाजाराच्या दिवशी जिंतुरातल्या माझ्या दवाखान्यात खेड्यापाड्यांतून आलेल्या बायकांची गर्दी असते. तक्रार बहुधा एकच. "डॉक्टरसाहेब, लई अशक्तपणा हाय, हातपाय गळून जातेत. एखादी सलाईन लावा." सलाईन लावली, टॉनिक लिहून दिले की बाई समाधानाने जाते आणि महिन्याभरात परत येते. मीही वर्षानुवर्षे हेच केले. एक प्रश्न मात्र विचारायचा राहून गेला.

त्या प्रश्नाची जाणीव मला डॉ. विक्रम पटेल यांच्या संशोधनाने करून दिली. मुंबईत जन्मलेले हे मनोविकारतज्ज्ञ. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून ते ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेले. पुढे आफ्रिकेतल्या झिंबाब्वेत त्यांनी काम केले. तिथल्या शोना भाषेत अशा आजाराला जो शब्द आहे, त्याचा अर्थ 'फार विचार करणे'. आपली बाईही 'लई इचार येतेत' असेच म्हणते! १९९६ साली त्यांनी सहकाऱ्यांसह गोव्यात 'संगथ' ही संस्था काढली. पुढे ते अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात प्राध्यापक झाले. पण त्यांचे महत्त्वाचे संशोधन झाले ते गोव्यातल्या साध्यासुध्या बायकांत.

२००२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयातल्या २७० गरोदर स्त्रियांचा बाळंतपणानंतरही मागोवा घेतला गेला. बाळंतपणानंतर दीड-दोन महिन्यांनी शंभरात २३ जणी उदासीनतेने आजारी होत्या. गरिबी, नवऱ्याशी न पटणे ही मोठी कारणे. आणि घरात मारहाण किंवा उपासमार असताना मुलगी झाली, तर धोका आणखी वाढलेला.

दुसरी पाहणी २००५ सालची, सुमारे अडीच हजार स्त्रियांची. शंभरातल्या १२ जणींना सहा महिन्यांहून अधिक काळ थकवा होता. त्याचा संबंध रक्तातल्या हिमोग्लोबिनशी आढळला नाही; आढळला तो गरिबीशी, घरातल्या जाचाशी आणि मनाच्या आजाराशी.

याचा अर्थ रक्त तपासू नये असा नव्हे. रक्त जरूर तपासावे, कमी असेल तर लोहाच्या गोळ्याही घ्याव्यात. पण तेवढ्यावर थांबू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. झोप लागते का, रडू येते का, घरी कोणी मारते का, हे डॉक्टरने बाईला एकटीला बसवून विचारले पाहिजे. वेळ नाही ही सबब चालणार नाही. मोठा तज्ज्ञच हवा असेही नाही. थोडे प्रशिक्षण घेतलेल्या सामान्य माणसांनी धीर देऊन, समजावून रुग्णांना बरे होण्यास मदत केली, हेही गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत २०१० साली दिसून आले. आपल्या आशाताई हे काम का करू शकणार नाहीत?

वाचकहो, सून बाळंत झाली की आपण डिंकाचे लाडू करतो, शेक-शेगडी करतो. त्यासोबत एकदा तिच्या मनाचीही चौकशी करा. मुलगी झाली म्हणून टोमणे मारू नका. 'जगण्यात राम नाही' असे ती बोलली, तर त्याच दिवशी तिला डॉक्टरकडे न्या. २०२२ पासून सरकारचा 'टेलि-मानस' हा १४४१६ क्रमांक रात्रंदिवस मोफत सुरू आहे.

सलाईनच्या बाटलीत दुःखावरचे औषध नसते. ते आधी विचारावे लागते.