भांडण मोड्यूलचं, भुर्दंड मालकाला

स्कॅनरवर यू०३०० उमटला की सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरचे साहेब धन्वंतरीचा चेहरा करतात आणि निदान ठोकतात : "एबीएस मोड्यूल गेला, नवीन टाकावा लागेल." गेला? कोड तर तसं म्हणतच नाही! साहेबांनी कोड वाचलाय की दरपत्रक?

आपणच वाचू या. पहिलं अक्षर 'यू', म्हणजे तक्रार मोड्यूलांच्या आपसातल्या संपर्काची. इंजिन-गिअरची असती तर 'पी', चाका-ब्रेकची असती तर 'सी'. पुढचं शून्य सांगतं की कोड कुणा एका कंपनीचा खासगी नाही, सगळ्यांचा सामायिक आहे. अर्थ एवढाच : सॉफ्टवेअर जुळत नाही. एबीएसशी बोलणंच तुटलं असतं तर यू०१२१ आला असता. बोलणं चालू आहे, मेळ बसत नाही.

इंजिनाचा ईसीएम आणि ब्रेकचा मोड्यूल पिळलेल्या दोन तारांवरून अखंड बोलत असतात. ट्रॅक्शन कंट्रोल असलेल्या गाडीत चाक घसरलं की ब्रेकवाला इंजिनाला जोर कमी करायला लावतो. आता एकात नवं सॉफ्टवेअर भरलं आणि दुसऱ्यात जुनंच ठेवलं, किंवा भंगारातल्या वेगळ्या व्हेरियंटचा मोड्यूल बसवला, तर मेळ बसणार कसा? मग एबीएस अंग काढून घेतं आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. साधा ब्रेक लागतो. पण पावसात करकचून दाबला तर चाकं जाम होणार.

आमच्या हिंगोलीतला चांगला मिस्त्री आधी बॅटरीची तार काढतो, स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटात सहा आणि चौदा नंबरवर मीटर लावतो. साठ ओहम आले की म्हणतो, "तारा ठीक आहेत, दादा. कोडिंग पाहिजे." निदान झालं! पण कोडिंगला कंपनीचं सॉफ्टवेअर आणि पासवर्ड लागतो, आणि तो त्याला मिळत नाही. का? तर म्हणे सुरक्षितता! वसमतच्या हळदवाल्यानं एबीएस बंद असलेली गाडी भर पावसात नांदेडपर्यंत हाकायची, ही यांची सुरक्षितता. ज्या जिल्ह्यात औंढ्याजवळ दुधाळ्याला गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो वेधशाळा उभी राहतेय, तिथल्या मिस्त्रीला ब्रेकचं कोडिंग झेपणार नाही, असं मानण्याचा हा उद्दामपणा येतो कुठून?

तो येतो धंद्यातून. हे माझं मत्सरी अनुमान नव्हे. भारतीय स्पर्धा आयोगानं ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा कारकंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला आणि सुटे भाग, निदानाची साधनं स्वतंत्र गॅरेजांना द्या, असं बजावलं. प्रकरण अपिलात गेलं. साधनं गॅरेजात पोचली का? एमएच-३८ पाटीची कुठलीही गाडी घेऊन गल्लीतल्या गॅरेजात विचारून या.

आणि 'कोड उडवून देतो, शंभर द्या' म्हणणारे ते स्कॅनरबहाद्दर! दिवा विझवला म्हणजे सॉफ्टवेअर जुळलं काय? पुढच्या वेळी किल्ली फिरवली की तो परत हजर. त्यांना शंभर देऊ नका. काउंटरवरच्या साहेबांनाही लगेच सही देऊ नका. आधी दोन्ही मोड्यूलांचे पार्ट नंबर आणि सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या कागदावर छापून मागा. कुठला कुणाशी जुळत नाही, तेही लिहून मागा. कागद देत नाहीत? मग नवा मोड्यूल कशाच्या आधारावर विकताय, हे तिथंच, चार गिऱ्हाइकांदेखत विचारा.