विश्लेषण : त्वचेवर लावलेले कोलॅजेन खरेच आत जाते का? सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसते?

कोलॅजेनची क्रीम, सिरम आणि रात्रभर लावून ठेवायचे मास्क यांच्या जाहिरातींत हल्ली सूक्ष्मदर्शकाची छायाचित्रेही दिसतात. त्वचेच्या आडव्या छेदात हिरवी चमक खोलवर उतरलेली दिसते आणि ‘कोलॅजेन आतपर्यंत पोहोचते’ असा दावा केला जातो. पण ती चमक नेमकी कशाची असते?

कोलॅजेन म्हणजे काय?

त्वचेला ताण सहन करण्याची ताकद देणारे हे प्रथिन आहे. त्वचेच्या आतल्या थराच्या, म्हणजे आंतरत्वचेच्या कोरड्या वजनात त्याचा वाटा सुमारे ७० ते ८० टक्के असतो. दोरीला पीळ द्यावा तशा तीन साखळ्या एकमेकींत गुंफून त्याचा रेणू तयार होतो. ही तिहेरी रचना १९५४ मध्ये मद्रास विद्यापीठातील जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी मांडली होती. वय, ऊन आणि धूम्रपान यांमुळे त्वचेतील कोलॅजेन कमी होते, सुरकुत्या पडतात. जे कमी झाले ते बाहेरून लावून भरून काढू, हा या उत्पादनांमागचा तर्क आहे.

मग अडचण कुठे आहे?

अडचण त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात आहे. चेहरा किंवा हातावर हा थर साधारण १० ते २० मायक्रोमीटर जाडीचा, म्हणजे केसापेक्षाही पातळ असतो. मृत पेशींच्या विटा आणि त्यांच्यामध्ये सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल, मेदाम्ले यांचा गिलावा, अशी त्याची बांधणी असते. बाहेरच्या गोष्टी बाहेर ठेवणे हेच त्याचे काम.

२००० मध्ये बॉस आणि माइनार्डी या संशोधकांनी ‘५०० डाल्टनचा नियम’ मांडला. डाल्टन हे रेणूचे वजन मोजण्याचे एकक. साधारण ५०० डाल्टनपेक्षा जड रेणू धडधाकट त्वचेतून सहसा आत जात नाहीत, असे हा नियम सांगतो. पट्टीतून शरीरात जाणारे निकोटिन १६२ डाल्टनचे असते. अखंड कोलॅजेन सुमारे ३ लाख डाल्टनचे, म्हणजे या मर्यादेच्या ६०० पट.

‘२४३ डाल्टनचे कोलॅजेन’ हा काय प्रकार आहे?

काही उत्पादनांच्या वेष्टनावर असा आकडा असतो. तो मर्यादेच्या आत बसतो, हे खरे. पण कोलॅजेनच्या एका साखळीत सुमारे १,००० अमिनो आम्ले असतात. त्यात वारंवार येणाऱ्या ग्लायसिन, प्रोलिन आणि हायड्रॉक्सिप्रोलिन या तिघांचा तुकडाच सुमारे २८५ डाल्टनचा होतो. म्हणजे २४३ डाल्टनमध्ये जेमतेम दोन-तीन अमिनो आम्ले बसतात. त्यात ना साखळी उरते, ना पीळ. असा तुकडा आत गेला, तरी ‘कोलॅजेन आत गेले’ असे म्हणता येत नाही. थोडक्यात, जे कोलॅजेन आहे ते आत जात नाही आणि जे आत जाऊ शकते ते कोलॅजेन राहिलेले नसते.

सूक्ष्मदर्शकाने हे कसे तपासतात?

शस्त्रक्रियेनंतर उरलेली मानवी त्वचा किंवा कत्तलखान्यातून आणलेली डुकराच्या कानाची त्वचा घेतात. तिच्यावर नमुना लावून काही तास ठेवतात. त्यानंतर मुख्यतः तीन मार्ग असतात.

• कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक : प्रथिनाला चमकणारा रंग जोडतात आणि लेझरच्या मदतीने त्वचेची एकेका खोलीवरची प्रतिमा घेतात.

• रामन सूक्ष्मदर्शक : रंग न लावता, रेणूवर आदळून परतणाऱ्या प्रकाशावरून पदार्थ ओळखतात.

• सेकंड हार्मोनिक पद्धत : ८०० नॅनोमीटरचा लेझर टाकला की कोलॅजेनचे तंतू ४०० नॅनोमीटरचा प्रकाश देतात. त्यामुळे त्वचेतील कोलॅजेनचे जाळे रंगाशिवाय दिसते.

छायाचित्र कुठे फसवू शकते?

सर्वांत मोठा धोका रंगाचा. या कामात नेहमी वापरला जाणारा एफआयटीसी हा रंग ३८९ डाल्टनचा असतो, म्हणजे तो ५०० च्या मर्यादेत बसतो. तो कोलॅजेनपासून सुटला, तर एकटाच आत उतरू शकतो. कॅमेऱ्याला फक्त चमक दिसते, ती कोणाची हे कळत नाही. त्यामुळे नुसता रंग लावलेला आणि काहीही न लावलेला, असे दोन नमुने तुलनेसाठी लागतातच. त्वचेला स्वतःचीही थोडी चमक असते, ती वजा करावी लागते.

दुसरा धोका छेद घेताना. पाते वरून खाली फिरले, तर वरचा पदार्थ खाली ओढला जातो आणि तो ‘मुरल्यासारखा’ दिसतो. केसांच्या मुळाशी साचलेला पदार्थही खोलवर दिसतो, पण तो अजून त्वचेच्या बाहेरच असतो.

तिसरी अडचण रामन आणि सेकंड हार्मोनिक पद्धतीची. त्वचेत केराटिन आणि स्वतःचे कोलॅजेन आधीपासून असते. बाहेरून आलेले प्रथिन त्यातून वेगळे ओळखणे कठीण असते. सेकंड हार्मोनिक पद्धतीत तर सुटे, लहान तुकडे दिसतच नाहीत. तिला रांगेत रचलेले तंतू लागतात.

मास्क सकाळी पारदर्शक झाला, हाही पुरावा नव्हे. तो बदल जेलमध्ये झालेला असतो. त्वचेत काय गेले, हे त्यावरून मोजता येत नाही.

म्हणजे उपयोग शून्य?

तसे नाही. कोलॅजेन पृष्ठभागावर पाणी धरून ठेवते. त्यामुळे त्वचा काही काळ मऊ आणि भरीव दिसते. हे काम चांगले मॉइश्चरायझरही करते.

त्वचेला स्वतःचे कोलॅजेन बनवायला लावणारी औषधे मात्र आहेत. ३०० डाल्टनच्या ट्रेटिनॉइनवर १९९३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अभ्यास प्रसिद्ध झाला. उन्हाने खराब झालेल्या त्वचेत १० ते १२ महिन्यांच्या वापरानंतर कोलॅजेनची निर्मिती ८० टक्क्यांनी वाढली, तर औषध नसलेली क्रीम लावलेल्यांत ती १४ टक्क्यांनी घटली. हे औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायचे असते आणि गरोदरपणात टाळायचे असते. नवीन कोलॅजेन घटू न देण्यासाठी सनस्क्रीनही तितकेच महत्त्वाचे.

कायदा काय सांगतो? ग्राहकाने काय पाहावे?

भारतात सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० नुसार ग्राहकाची दिशाभूल करणारा दावा प्रसाधनावर करता येत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अंतर्गत फसव्या जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत, तर पुन्हा तसे केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

महागडी बाटली घेण्यापूर्वी दाव्याबाबत चार प्रश्न विचारावेत. चाचणी खऱ्या त्वचेवर झाली की प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर? पेशींवर वरचा थर नसतो, त्यामुळे अडथळ्याची परीक्षाच होत नाही. नुसत्या रंगाचा नमुना दाखवला आहे का? छायाचित्रावर मोजपट्टी आहे का? ती नसेल तर ‘खोलवर’ म्हणजे ५ मायक्रोमीटर की ५००, हे कळत नाही. आणि तुलना साध्या मॉइश्चरायझरशी केली आहे का? यांची उत्तरे नसतील, तर त्या हिरव्या चमकेसाठी जास्तीचे पैसे मोजण्याचे कारण नाही.