कोरी सीडी घेतानाही पारख हवीच!

गणपतीच्या मखरात, ट्रॅक्टरच्या पाठीमागे, परसातल्या पेरूवर पाखरं हाकायला... जुन्या सीड्या आजकाल कुठे कुठे लटकलेल्या दिसतात! वाऱ्यावर गरगर फिरतात, छान चमकतात. पण माझ्या मनात दर वेळी एकच प्रश्न येतो, हिच्यात काय बरं भरलेलं होतं? सिनेमाची गाणी असतील तर काही बिघडलं नाही, ती आज दहा ठिकाणी मिळतील. पण एखाद्या घरची मंगळागौर असेल, कुणाच्या आजीच्या तोंडच्या ओव्या असतील, तर? ती गाणी पुन्हा कुठल्या दुकानात मिळणार?

मैत्रिणींनो, माझं म्हणणं अगदी साधं आहे. बाजारात मिळणारं गाणं कुठल्याही सीडीवर घ्या. पण बाजारात कधीच मिळणार नाही असा घरचा आवाज ज्या सीडीवर उतरवायचा, ती पारखूनच घेतली पाहिजे. मडकं घेताना आपण वाजवून बघतो. लोणच्याची बरणी घेताना झाकण नीट बसतं का ते पाहतो. गहू तर मूठभर हातात घेऊन, फुंकर मारून घेतो. आणि कोरी सीडी घेताना मात्र, 'द्या हो कुठलीही, सगळ्या सारख्याच' असं म्हणून मोकळ्या होतो. सगळ्या सारख्या नसतात! चकाकतं ते सारं सोनं नसतं, ही म्हण सीडीला जेवढी लागू पडते तेवढी दुसऱ्या कशाला पडत नसेल.

दुकानातून आणलेली सिनेमाची सीडी आणि आपण घरी किंवा कॉम्प्युटरवाल्याकडून भरून घेतलेली सीडी दिसायला सारखी, पण जात वेगळी. सिनेमाच्या सीडीत गाणं साच्याने प्लास्टिकमध्ये ठसवलेलं असतं. आपल्या कोऱ्या सीडीत, म्हणजे सीडी-आरमध्ये, एका खास रंगाचा पातळ थर असतो. लेझरच्या उष्णतेने त्या रंगावर बारीक खुणा उमटतात, म्हणून तर 'बर्न करणं' म्हणतात. त्या रंगावर आरशासारखा चांदीचा किंवा सोन्याचा मुलामा, त्यावर लाखेसारखं पातळ संरक्षण आणि मग वरचं लेबल. म्हणजे सारा खेळ रंगाचा आणि मुलाम्याचा. रंग कच्चा असला तर लुगड्याचा उडतो तसा हाही उडतो. ऊन लागलं, दमट हवा लागली की आणखी लवकर.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक आणि तंत्रज्ञान संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वेगवेगळ्या सीड्या उष्णता, दमटपणा आणि प्रखर उजेडात ठेवून पाहिल्या होत्या. थॅलोसायनिन नावाचा रंग आणि सोनं-चांदीच्या मिश्रणाचा मुलामा असलेल्या सीड्या त्यात इतरांपेक्षा चांगल्या टिकल्या. सोनं काळं पडत नाही, हे आपल्याला का कुणी सांगायला हवं? मात्र लेबल सोनेरी छापलं म्हणून आत सोनं असतं असं नाही. नुसत्या रंगावर भुलू नका, डबीवर काय लिहिलंय ते वाचा.

आता नावाचं बघू. आपल्याकडे कोरी सीडी म्हटलं की मोझर बेअर हेच नाव तोंडात यायचं. १९८३ मध्ये सुरू झालेली ही भारतीय कंपनी कोऱ्या सीड्या बनवणाऱ्या जगातल्या मोठ्या कंपन्यांत गणली जायची. पुढे ती कर्जात बुडाली आणि २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली. जपानच्या तैयो युडेनच्या सीड्या जाणकार डोळे मिटून घ्यायचे. त्या कंपनीने २०१५ अखेर हा धंदाच बंद केला. व्हर्बॅटिम हे नाव अजून चालतं, पण २०१९ मध्ये तो व्यवसाय जपानच्या मित्सुबिशीकडून तैवानच्या सीएमसी कंपनीकडे गेला. सांगायचं काय, तर डबीवरचं नाव तेच राहतं, पण आतली सीडी बनवणारा कारखाना बदललेला असू शकतो. म्हणून नावावर विसंबू नका, माल तपासा.

तपासायचा कसा? कोरी सीडीसुद्धा शिळी होते! न भरलेल्या सीडीचं आयुष्य साधारण पाच ते दहा वर्षं धरावं, असं जाणकार सांगतात. तेव्हा दुकानाच्या माळ्यावर वर्षानुवर्षं पडलेला गठ्ठा स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. बंद पाकीट घ्या. गठ्ठ्यातून काढलेली, बोटांचे ठसे उमटलेली सुटी सीडी नको. घरी आल्यावर ती उजेडासमोर धरा. मुलाम्यात टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं दिसली तर ती कामाची नाही. ७०० एमबी आणि ८० मिनिटं ही नेहमीची मापं. त्याहून जास्त, ९० किंवा ९९ मिनिटांची सीडी असेल तर मोहात पडू नका, सगळ्याच प्लेअरवर ती चालत नाही. आणि पुन्हा पुन्हा पुसता येणारी सीडी-आरडब्ल्यू जपणुकीसाठी मुळीच नको. आपल्याला पाटी नकोय, दगडावरची रेघ हवीय!

एकदम पन्नास आणण्यापेक्षा आधी पाच-दहा आणा. एक भरा आणि घरातल्या जुन्या प्लेअरवर, गाडीत, शेजारणीच्या मशीनवर लावून बघा. भरताना सगळ्यात जास्त वेग ठेवू नका, मधला ठेवा. घाईची पोळी कच्चीच राहते. भरून झाल्यावर तपासणीचा पर्याय असतो, तो सोडू नका. आणखी एक, एमपीथ्री केली तर एका सीडीत दहा-बारा तासांची गाणी मावतात, पण जागा वाचवण्यासाठी आवाजातला काही भाग गाळलेला असतो. जुने प्लेअरही ती वाजवत नाहीत. रोजच्या ऐकण्याला एमपीथ्री चालेल. आजीचा आवाज मात्र गाळून घेऊ नका, तो पूर्णच ठेवा.

सीडी खालच्या चमकत्या बाजूने जपायची असते, असा आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. खरं तर नाजूक बाजू वरची, लेबलची. खाली एक मिलिमीटरहून जाड प्लास्टिक असतं, वर मात्र नुसता पातळ लेप. त्यावर बॉलपेनने दाबून नाव लिहिलं की खालचा मुलामा दुखावलाच. चिकटपट्टीची लेबलंही नकोत. भगूरच्या एका ताईंनी आईच्या ओव्यांची सीडी माझ्याकडे आणली होती. वर सुरेख फुलाफुलांचं लेबल चिकटवलेलं. ते सोलून निघालं, आणि त्याबरोबर चांदीही निघाली! आता ती सीडी कुणालाच वाचवता येणार नाही. खालची बाजू खरवडली तर एक वेळ घासून गुळगुळीत करता येते. वरची गेली की सारं संपलं. नाव लिहायचंच असेल तर सीडीसाठी मिळणाऱ्या मऊ टोकाच्या मार्करने, मधल्या भोकाजवळ लिहा. पुसताना मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही.

ठेवायची ती डबीत, उभी, उन्हापासून दूर. आमच्या देवळालीची हवा कोरडी, म्हणून तर पूर्वी इथे आरोग्यधामं उभी राहिली. पण पावसाळ्याचे चार महिने इथेही कपाटाला दमट वास येतोच. शिवाय हा कॅम्प, लष्कराचा. तोफखान्याची शाळा इथली. बदली झाली की संसार पत्र्याच्या ट्रंकांत भरायचा. उन्हात तापलेल्या त्या ट्रंकांतून सीड्या राजस्थान ते आसाम हिंडतात. या बायकांकडे नाना प्रांतांतल्या पाळण्यांचं, लग्नगीतांचं केवढं धन असतं! त्यांनी सीड्या ट्रंकेत नव्हे, हातातल्या पिशवीत घ्याव्यात, असं मी नेहमी सांगते.

'अहो, आता मोबाइल आहे, कोण सीडी लावतंय?' असं सुना विचारतात. बरोबर आहे त्यांचं. पण मोबाइल हरवतो, पाण्यात पडतो, 'जागा नाही' म्हणून नातू नेमकं तेच रेकॉर्डिंग पुसतो. सीडी-आरवर एकदा उतरलेलं कुणाला चुकून पुसता येत नाही, हा तिचा मोठा गुण. मात्र तिच्या एकटीवर भिस्त ठेवू नका. एक प्रत सीडीवर, एक पेनड्राइव्हवर किंवा हार्डडिस्कवर आणि एक माहेरी किंवा लेकीकडे, म्हणजे दुसऱ्या गावात. घरातल्या जुन्या सीड्या तर याच महिन्यात काढा आणि कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. एका मशीनवर चालली नाही तर लगेच टाकू नका, दुसऱ्यावर लावून पाहा, पुष्कळदा चालते.

प्रत नसेल तर काय होतं, हे आपल्या नाशिक जिल्ह्याने पाहिलंय. त्र्यंबकला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचा १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' हा भारताचा पहिला पूर्ण लांबीचा कथापट मानला जातो, आणि त्याची पूर्ण प्रत आज उपलब्ध नाही. एवढ्या नावाजलेल्या कामाची ही गत, तर तुमच्या-माझ्या घरच्या गाण्यांचं काय!

याच्या उलटही घडलंय. हेमा राईरकर आणि गी पोइटवां यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक ओव्या! १९९० च्या दशकात त्यातल्या कित्येकींचा आवाज टेपवर घेतला गेला. पुढे टेपवरून तो कॉम्प्युटरवर आला आणि २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात तो जगभर ऐकता येतो. त्या ओव्या टिकल्या त्या टेप अमर होती म्हणून नाही. वेळ असताना कुणीतरी त्या जुन्या भांड्यातून नव्या भांड्यात ओतल्या म्हणून टिकल्या.

लग्नाच्या अल्बमवर आपण हजारो रुपये घालतो आणि घरातल्या म्हातारीच्या आवाजासाठी चांगल्या सीडीचे चार पैसे जास्त द्यायला कचरतो. बायकांची कितीतरी गाणी कुणी पुस्तकात लिहिली नाहीत, कुठल्या कंपनीने तबकडीवर घेतली नाहीत. ती आपल्या ओठांवर आणि या चकत्यांवरच आहेत. त्यांची किंमत आपणच केली नाही, तर दुसरं कोण करणार? घरातल्या पुरुषांना किंवा मुलांना वेळ मिळेल तेव्हा मिळेल, आपण वाट कशाला पाहायची? संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लास्टिकचा डबा देण्याऐवजी, आळीतल्या आजींनी म्हटलेल्या गाण्यांची एक नीट भरलेली सीडी किंवा पेनड्राइव्ह द्या की! प्रत्येक घरी एक प्रत गेली, तर आवाज हरवायची भीतीच उरणार नाही.