रात्रपाळीचा मिस्त्री

नागरा व आसपासच्या गांवांतील शेतकऱ्यांस गोंदियाच्या भातगिरण्या नवीन नाहींत. धान विकलें कीं आपली काळजी संपली, असें मात्र पुष्कळांस वाटतें. हा समज आम्हांस मान्य नाहीं. गिरणींत होणारी नासाडी अखेर धानाच्या भावांतूनच वसूल होते, असें आमचें मत आहे.

उसन्या तांदळाचीच गोष्ट घ्या. धान टाक्यांत भिजवून त्यास वाफ द्यावी लागते व मग तें सुकवावें लागतें. भिजलेलें धान कोणासाठीं थांबत नाहीं. बॉयलर मध्यरात्रीं बंद पडला व मिस्त्री सकाळीं उगवला, तर धान आंबूं लागतें, तांदळास वास येतो व रंग बिघडतो. म्हणून अशी गिरणी मोसमांत रात्रंदिवस चालवावी लागते. परंतु यंत्र चालविणारांच्या पाळ्या लावणारे मालक दुरुस्ती करणाराची पाळी लावावयास विसरतात. “एक हुशार मिस्त्री आहे, हांक मारली कीं येतो,” हें त्यांचें उत्तर.

आतां हिशेब पाहूं. आठवड्याचे तास १६८. १९४८ च्या कारखाने कायद्यानें एका कामगारास आठवड्यास ४८ तासांची मर्यादा घातली. तीन मिस्त्र्यांचे १४४ तास होतात. उरलेले २४ तास एक तर कोणी जागरणानें थकलेला माणूस भरतो, किंवा ते रिकामे जातात. चौथा मिस्त्री ठेवल्यास प्रत्येकास ४२ तासच पडतात.

गिरणींत अशा चुकीनें धान नासतें. मोठ्या कारखान्यांत माणसें जातात. भोपाळ येथील युनियन कार्बाइडच्या कारखान्यांतून २ डिसेंबर १९८४ च्या रात्रीं विषारी वायु सुटून हजारों लोक मेले. त्या अनर्थाचीं कारणें अनेक होतीं. पण रात्रपाळीवरील दुरुस्ती-पर्यवेक्षकाची जागा त्यापूर्वीं थोडेच दिवस काढून टाकली होती, हें विसरतां येत नाहीं.

लहान गिरणीस चार मिस्त्री परवडत नाहींत, हा आक्षेप खोटा नाहीं. मग शेजारच्या दोन-तीन गिरण्यांनीं मिळून ते ठेवावे. तलावाच्या पाण्याच्या पाळ्या आपल्या वडीलधाऱ्यांनीं अशाच वांटून घेतल्या होत्या. पाळी सकाळ, दुपार, रात्र या क्रमानें फिरवावी. उलट क्रम शरीरास अधिक जड जातो. पाळी बदलतांना यंत्राची स्थिति वहींत लिहावी व समक्षही सांगावी. वंगण, पट्टे यांची नेहमींची तपासणी दिवसा उरकावी, म्हणजे रात्रीचा माणूस अडचणीसाठीं मोकळा राहील.

रात्रीच्या विजेवर ओलीत करून सकाळीं पुन्हां बांधावर जाणाऱ्या शेतकऱ्यास जागरणाचें मोल आम्हीं काय सांगावें? ज्यांचे सहकारी गिरणींत भाग आहेत, त्यांनीं वार्षिक सभेंत नफ्याच्या आंकड्याबरोबर एवढें अवश्य विचारावें: मोसमांत रात्रीं दोन वाजतां गिरणींत मिस्त्री कोण असतो?